डोळे शाबूत असताना डावी बाजू कुठे जाते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन महिन्यांपूर्वी वडिलांच्या मेंदूच्या उजव्या भागात रक्ताची गुठळी अडकली आणि शरीराच्या डाव्या बाजूला अर्धांगवायूचा झटका आला. आता हातापायांत बरीच ताकद आली आहे, बोलणे स्वच्छ आहे, जुने व्यवहार आणि हिशेब तोंडपाठ आहेत. तरीही जेवताना ताटाच्या डाव्या बाजूची चटणी, कोशिंबीर आणि लिंबू तसेच राहते आणि ‘मला कोशिंबीर वाढलीच नाही’ म्हणून ते पत्नीवर चिडतात. दाढी करताना डावा गाल सुटतो, दारातून जाताना डावा खांदा चौकटीवर आपटतो, डावीकडून हाक मारली तर बहुधा उत्तर मिळत नाही. नेत्रतज्ज्ञांनी डोळे उत्तम असल्याचे सांगितल्यापासून घरातल्या काहींना हा हट्ट वाटतो आणि काहींना बुद्धिभ्रंशाची सुरुवात. शिवाय मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाला असलेल्या नातीने विचारले आहे की डोळे पाहत असतील तर मग ‘आपल्याला दिसले’ ही जाणीव नेमकी कुठे तयार होते.

आधी घरातला वाद मिटवते. तुम्ही केलेले वर्णन हट्टाचे नाही आणि बुद्धिभ्रंशाचेही दिसत नाही. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाल्यानंतर बऱ्याच रुग्णांत आढळणारा हा दोष आहे. रुग्णालयात त्याला ‘लेफ्ट निग्लेक्ट’ म्हणतात; मराठीत डाव्या बाजूचे दुर्लक्ष म्हणता येईल, मात्र हे दुर्लक्ष रुग्ण करत नाही, ते त्याच्या बाबतीत घडते. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निदान पक्के करता येत नाही, हे गृहीत धरून पुढचे वाचावे.

पहिला गैरसमज असा की डावी बाजू दिसत नाही म्हणजे डाव्या डोळ्यात काहीतरी बिघाड असावा. दोन्ही डोळ्यांना समोरच्या दृश्याच्या दोन्ही बाजू दिसतात. नजर एका बिंदूवर स्थिर ठेवली की त्या बिंदूच्या डावीकडे असलेल्या सगळ्याचे प्रतिबिंब दोन्ही डोळ्यांच्या दृष्टिपटलांच्या उजव्या अर्ध्यावर पडते. दोन्ही डोळ्यांकडून निघालेल्या चेतातंतूंपैकी नाकाच्या बाजूचे तंतू मेंदूच्या तळाशी एकमेकांना ओलांडून विरुद्ध बाजूला जातात, आणि त्यामुळे दृश्याच्या डाव्या अर्ध्याची सगळी माहिती, ती कोणत्याही डोळ्यातून आलेली असो, मेंदूच्या उजव्या गोलार्धात पोहोचते. वाटेत ती थॅलॅमस या केंद्रात थांबते आणि तेथून डोक्याच्या अगदी मागच्या भागातल्या दृष्टिकेंद्रात जाते. या प्रवासात छाननीही होते: एका डोळ्याच्या दृष्टिपटलावर सुमारे 12 कोटी प्रकाशग्राही पेशी असतात, तर त्या डोळ्यापासून निघणाऱ्या चेतातंतूंची संख्या जेमतेम 10 ते 12 लाख. म्हणजे मेंदूकडे जाणारा मजकूर डोळ्यातच निवडून, आवळून पाठवलेला असतो. स्पर्शाचेही बरेचसे असेच आहे, डाव्या हाताचा स्पर्श उजव्या गोलार्धात पोहोचतो. कानाचे मात्र वेगळे आहे. प्रत्येक कानाकडून आलेला आवाज दोन्ही गोलार्धांपर्यंत जातो, म्हणून केवळ उजव्या गोलार्धाला इजा झाल्याने डावा कान बहिरा होत नाही. तुमचे वडील डावीकडून मारलेल्या हाकेला उत्तर देत नाहीत, यात म्हणूनच मला कानापेक्षा अवधानाचा भाग अधिक वाटतो.

नेत्रतज्ज्ञांचे म्हणणे चुकीचे नाही, पण ते कोणत्या तपासणीवर आधारलेले आहे हे विचारून घ्या. भिंतीवरची अक्षरे वाचायला लावून होते ती मधल्या दृष्टीच्या तीक्ष्णतेची तपासणी. त्या तपासणीत उत्तम गुण मिळवणाऱ्या माणसाचा डावीकडचा संपूर्ण अर्धा दृष्टिक्षेत्र नाहीसा झालेला असू शकतो. त्यासाठी पेरिमेट्री नावाची वेगळी तपासणी करावी लागते. ती झालेली नसेल तर करून घ्यावी, कारण उपचाराची दिशा तिच्यावर ठरते. दृष्टिकेंद्रच जखमी झाले तर डावा अर्धा भाग खरोखर दिसेनासा होतो. असा रुग्ण आपल्या उणिवेची तक्रार करतो, मान डावीकडे वळवून ती भरून काढायला आपणहून शिकतो. निग्लेक्ट झालेल्या रुग्णाला मात्र मान वळवावी असे वाटतच नाही, कारण त्याच्या लेखी त्या बाजूला पाहण्यासारखे काही उरलेलेच नसते. दोन्ही दोष एकाच रुग्णात एकत्र असणेही दुर्मीळ नाही.

फरक ओळखण्याची एक सोपी तपासणी आम्ही खाटेजवळच करतो. मी रुग्णाच्या समोर बसते, त्याला माझ्या नाकाकडे पाहत राहायला सांगते आणि माझे दोन्ही हात दोन बाजूंना पसरते. फक्त रुग्णाच्या डावीकडचे बोट हलवले की तो ‘डावीकडे’ असे बरोबर सांगतो. फक्त उजवीकडचे हलवले तरी बरोबर सांगतो. मग दोन्ही बोटे एकाच क्षणी हलवली की तो ठामपणे म्हणतो, ‘उजवीकडे.’ क्षणभरापूर्वी नीट दिसलेले डावे बोट आता त्याच्यासाठी हललेलेच नसते. डोळा तोच, बोट तेच, प्रकाशही तोच. बदल इतकाच की उजवीकडे एक प्रतिस्पर्धी आला. या चाचणीतून माझ्या मते कोणत्याही पाठ्यपुस्तकातल्या आकृतीपेक्षा अधिक कळते, कारण संवेदना पोहोचणे आणि तिची जाणीव होणे या दोन गोष्टी तिथे डोळ्यांदेखत वेगळ्या होतात. रेघेचा मध्य दाखवायला सांगितला तर असे रुग्ण उजवीकडे सरकलेली खूण करतात, आणि घड्याळ काढायला सांगितले तर काही जण बाराच्या बारा आकडे उजव्या अर्ध्या वर्तुळात कोंबतात. वाचताना ओळीच्या मध्यापासून सुरुवात होते किंवा शब्दाचा आरंभच गळतो: ‘विनायक’चा ‘नायक’, ‘सातारा’चा ‘तारा’. वडील वर्तमानपत्र हातात घेऊन ‘हल्ली काहीही छापतात’ असे म्हणू लागले असतील तर त्यामागे हे कारण आहे का ते पाहा.

हे डावीकडेच जास्त का होते, याचे सर्वाधिक स्वीकारले जाणारे स्पष्टीकरण मेंदूच्या श्रमविभागणीत आहे. डावा गोलार्ध मुख्यतः उजव्या बाजूच्या अवकाशावर लक्ष ठेवतो, तर उजवा गोलार्ध दोन्ही बाजूंवर. डाव्या गोलार्धाला इजा झाली तर उजवा गोलार्ध दोन्ही बाजू सांभाळून घेतो. उजव्याला इजा झाली तर डावीकडे पाहणारे कोणी उरत नाही. कानाच्या वर आणि थोडा मागे असलेला पॅरायटल व टेम्पोरल भागांच्या संगमाजवळचा प्रदेश यात वारंवार सापडतो, पण कपाळामागच्या भागाला किंवा खोलवर असलेल्या थॅलॅमसला इजा होऊनही हाच दोष उद्भवतो. अवधानाचे काम एका ठिपक्यात बसवलेले नसून दूरदूरच्या भागांना जोडणाऱ्या जाळ्यातून चालते, हा त्याचा अर्थ.

इथवर वाचून कोणी म्हणेल की दोष शेवटी पाहण्यातलाच आहे. त्यावर इटलीतल्या एदोआर्दो बिझियाक आणि क्लाउदिओ लुत्सात्ती यांनी 1978 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग पाहावा. मिलान शहराच्या कॅथेड्रलसमोरचा चौक ज्यांच्या चांगल्या परिचयाचा होता अशा दोन रुग्णांना त्यांनी डोळ्यांसमोर चौक आणायला सांगितला. आधी कल्पना करायची ती चौकाच्या पलीकडच्या टोकाला उभे राहून कॅथेड्रलकडे पाहत असल्याची. रुग्णांनी उजव्या हाताच्या इमारती, दुकाने सांगितली आणि डावीकडच्या गाळल्या. मग कल्पना करायची ती कॅथेड्रलच्या दारात उभे राहून उलट दिशेने पाहत असल्याची. आता मघाशी गाळलेल्या इमारती उजवीकडे आल्या आणि त्या भराभर आठवल्या, तर मघाशी सांगितलेल्या नाहीशा झाल्या. समोर कसलेही दृश्य नव्हते, डोळ्यांचा संबंध नव्हता, स्मृतीही शाबूत होती. आठवलेल्या चित्राचा डावा भाग जाणिवेत येत नव्हता. मुंबईच्या रुग्णांना मी कधी कधी नरिमन पॉइंटवरून गिरगाव चौपाटीकडे मनाने चालत जायला सांगते, कारण त्या दिशेने जाताना समुद्र डाव्या हाताला असतो आणि परतताना उजव्या. हा प्रश्न फारसा चांगला नाही हे कबूल केले पाहिजे. मरीन ड्राइव्हवरचा समुद्र इतका ठळक आहे की तो डाव्या-उजव्याच्या हिशेबाबाहेर राहून शब्दांच्या ज्ञानातूनच उत्तरात येतो. ओळखीच्या बाजारपेठेतली दोन्ही बाजूंची दुकाने विचारणे अधिक उपयोगाचे ठरते. कल्पनेतले दुर्लक्ष सगळ्याच रुग्णांत नसते, त्यामुळे वडिलांवर हा प्रयोग करून उत्तरे बरोबर आली तर निदान चुकले असे समजू नये.

नातीच्या प्रश्नाचे गाभ्याचे उत्तर पुढच्या दोन अभ्यासांत आहे. 1988 साली जॉन मार्शल आणि पीटर हॅलिगन यांनी डाव्या बाजूचे दुर्लक्ष असलेल्या एका स्त्रीला एकाखाली एक अशी घराची दोन रेखाचित्रे दाखवली. दोन्ही घरे सारखी, फक्त एकाच्या डाव्या बाजूतून आगीच्या ज्वाळा निघत होत्या. तिने दोन्ही चित्रे अगदी एकसारखी असल्याचे सांगितले. मग कोणत्या घरात राहायला आवडेल असे विचारल्यावर तिला प्रश्नच खुळचट वाटला, पण निवड करताना बहुतेक वेळा तिने न जळणारे घर निवडले. न दिसलेली आग कुठेतरी नोंदली गेली होती. पुढे इतर रुग्णांवर केलेल्या तशा चाचण्यांत हा निकाल सरसकट आला नाही, काहींनी जळणारे घरही पसंत केले; म्हणून या एका उदाहरणावर फार मोठी इमारत उभारू नये, असे मी विद्यार्थ्यांना सांगते. दुसरा अभ्यास लॉरेन्स वाइसक्रान्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, 1974 सालचा. डी. बी. या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या रुग्णाचा उजवा दृष्टिकेंद्राचा भाग शस्त्रक्रियेत काढावा लागला होता आणि त्याला डावीकडचे दिसत नव्हते. त्या न दिसणाऱ्या भागात प्रकाश दाखवून ‘अंदाजाने बोट ठेवा’ म्हटले तर तो आश्चर्यकारक अचूकतेने ठेवत असे, आणि आपण केवळ अंदाज करत होतो असे सांगत असे. डोळ्यांतून निघणारे थोडे तंतू मुख्य दृष्टिकेंद्राकडे न जाता मेंदूच्या खोलवरच्या जुन्या केंद्रांकडे जातात. त्या वाटेने काही माहिती कृतीपर्यंत पोहोचत असावी, असा त्याचा अर्थ लावला जातो.

म्हणून ‘जाणीव मेंदूत कुठे असते’ याचे उत्तर एका जागेचे नाव सांगून देता येत नाही. निदान दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. एक म्हणजे जागेपण: ते मेंदूच्या देठातल्या केंद्रांवर अवलंबून असते, हे जुझेप्पे मोरुझ्झी आणि होरेस मॅगून यांनी 1949 मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवले. दुसरी म्हणजे त्या जागेपणात प्रत्यक्ष काय काय हजर आहे. वडिलांचे जागेपण पूर्ण आहे. हजेरीपटातून एक बाजू वगळली गेली आहे. दृष्टिकेंद्रात पोहोचलेली माहिती जाणिवेत येण्यासाठी तिला अवधानाच्या जाळ्याने उचलून धरावे लागते, असे या रुग्णांवरून दिसते. अवधानाशिवाय जाणीव होऊच शकत नाही काय, यावर तज्ज्ञांत आजही मतभेद आहेत आणि पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीने ते मतभेद मिटल्यासारखे लिहू नये.

‘पण निम्मे जग नाही हे त्यांना कळत कसे नाही?’ हा घरच्यांचा नेहमीचा प्रश्न. त्याचे उत्तर निरोगी माणसालाही अनुभवता येते. कागदावर साधारण 7 सेंमी अंतरावर आडव्या रेषेत दोन ठसठशीत ठिपके काढा. डावा डोळा मिटून उजव्या डोळ्याने डाव्या ठिपक्याकडे टक लावून पाहा आणि कागद हातभर अंतरावरून हळूहळू जवळ आणा. सुमारे 25 सेंमी अंतरावर उजवीकडचा ठिपका नाहीसा होईल, कारण दृष्टिपटलावर जेथून चेतातंतू बाहेर पडतात तेथे प्रकाशग्राही पेशीच नसतात. महत्त्वाचे पुढे आहे: ठिपक्याच्या जागी काळे भोक दिसत नाही, कोरा कागद दिसतो. आयुष्यभर प्रत्येक डोळ्यात ही उणीव असते आणि ती आपल्याला जाणवत नाही, कारण माहितीचा अभाव म्हणजे अभावाची माहिती नव्हे. वडिलांच्या बाबतीत त्याहून पुढची गोष्ट अशी की उणीव ओळखणारी यंत्रणाच अनेकदा त्याच इजेत सापडते. तळपायाला ओरखडून पाहण्याच्या तपासणीमुळे ज्यांचे नाव प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्याला माहीत असते त्या जोसेफ बाबिन्स्की यांनी 1914 मध्ये, डावे अंग लुळे पडूनही ते लुळे आहे हे मान्य न करणाऱ्या रुग्णांचे वर्णन केले आणि त्या स्थितीला नाव दिले. काही रुग्ण तर आपला डावा हात दुसऱ्याचाच असल्याचे सांगतात. तेव्हा कोशिंबिरीवरून होणारा राग हा खोटेपणा नाही. त्यांच्या ताटात ती खरोखरच वाढलेली नाही. यावर वाद घातल्याने काही साधत नाही. त्यांच्या उजव्या हाताचे बोट ताटाच्या कडेवर ठेवून ते कडेकडेने डावीकडे सरकवत कोशिंबिरीपर्यंत न्यावे, तेवढे पुरते.

उपचारांचा कणा हाच आहे: डावीकडे पाहण्याची सवय मुद्दाम, पुन्हा पुन्हा, ठरलेल्या खुणेच्या आधाराने लावणे. वर्तमानपत्राच्या स्तंभाच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवावी आणि ती दिसल्याशिवाय ओळ वाचायला सुरुवात करायची नाही असा नियम करावा. तीच पट्टी ताटाखालच्या कागदाच्या किंवा टेबलक्लॉथच्या डाव्या कडेला लावता येते. आपल्या पद्धतीने वाढलेल्या ताटात डावी-उजवी ठरलेली असल्यामुळे सरावाला ते फार सोयीचे पडते: ‘मीठ सापडले का, लिंबू सापडले का’ असे क्रमाने विचारत गेले की रोज दोन वेळा व्यायाम आपोआप होतो. सोय म्हणून ताट फिरवून देण्याचा मोह होतो. पोट भरण्यासाठी सुरुवातीला ते करावे, पण त्याची सवय झाली तर डावीकडे जाण्याचे कारणच संपते. डावा हात थोडा जरी हलत असला तरी डाव्या बाजूला ठेवून तो हलवत राहावा, कारण त्या हालचालीनेही अवधान त्या बाजूला ओढले जाते. बसण्याच्या जागेबद्दल दोन मते ऐकायला मिळतात. पहिल्या दिवसांत, महत्त्वाचे बोलायचे असेल तेव्हा उजवीकडून बोलावे, नाहीतर माणूस एकटा पडतो. दोन महिने झाल्यावर मात्र गप्पा मारणाऱ्याने डावीकडे बसावे, हाक मारून हाताला स्पर्श करावा आणि मान वळेपर्यंत थांबावे, असे माझे मत आहे.

दृश्य उजवीकडे सरकवणाऱ्या प्रिझमचा चष्मा घालून खुणेवर बोट ठेवण्याचा सराव केला, की चष्मा काढल्यावर हात आणि लक्ष काही काळ डावीकडे झुकतात; फ्रान्समधल्या इव्ह रोसेती यांच्या गटाने 1998 मध्ये हे दाखवल्यावर मोठी आशा निर्माण झाली. नंतरच्या चाचण्यांचे निकाल संमिश्र आहेत, म्हणून मुख्य सरावाच्या जोडीला हा उपाय ठीक, त्याच्या जागी नाही. डाव्या कानात थंड पाणी सोडल्यावर दुर्लक्ष तात्पुरते कमी होते हेही खरे आहे, आणि मेंदूच्या दृष्टीने ते अतिशय उद्बोधक आहे, पण परिणाम थोडा वेळच टिकतो, चक्कर आणि उलट्या होतात, कानाचा पडदा फाटलेला असेल तर धोका संभवतो. घरी हा प्रयोग करू नये.

सुधारणेबद्दल: पहिल्या तीन महिन्यांत ती सर्वाधिक वेगाने होते आणि नंतर मंदावते, म्हणजे तुमच्या हातातला काळ मोलाचा आहे आणि व्यवसायोपचार तज्ज्ञांकडे किंवा मेंदूविकारांचे काम करणाऱ्या मानसतज्ज्ञांकडे आताच जायला हवे. काही रुग्णांत थोडा दोष कायम राहतो आणि शांत खोलीतल्या कागदी चाचण्यांत तो दिसतही नाही. गर्दीत, घाईत, थकल्यावर उघड होतो. त्यामुळे घरात बरे दिसत असले तरी स्कूटर किंवा गाडी चालवण्याची परवानगी तज्ज्ञांनी तपासल्याशिवाय देऊ नये, रस्ता एकट्याने ओलांडू देऊ नये आणि गॅसच्या शेगडीची डावी बाजू कोणीतरी तपासावी. चाकाच्या खुर्चीतून उठताना डावा ब्रेक लागला आहे का हे त्यांनी डाव्या ब्रेकला हात लावून स्वतः तपासायची सवय करावी, कारण पडण्याचे एक मोठे कारण तेच असते. आणि आजवर कमी होत आलेले दुर्लक्ष एखाद्या दिवशी अचानक वाढले, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळू लागले किंवा हात गळाला, तर नेत्रतज्ज्ञांकडे न जाता थेट मोठ्या रुग्णालयात न्यावे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि ज्याला आपली उणीव कळत नाही तो रुग्ण ‘मला काही झालेले नाही’ असे म्हणत ते तास घालवू शकतो.